प्रेरणा कुणाचा?

मष्णूआप्पा तुरुंगात गेले. कुणी पाठवलं म्हणून नाही, फौजदाराशी भांडून, आपलं म्हणणं खरं करून गेले. आणि त्याच्या आदल्या दिवशी माझ्या थोरल्या भावानं, तम्मण्णानं, ज्याला मी अण्णा म्हणतो, सरकारला लिहून दिलं की आपण आईकडून काही शिकलो नाही.

असं काही झालेलं नाही. आमच्या घरात तसं ठरलंय. "ह्या घरात ह्येचं नाव काढायचं न्हाय," असं आव्वा, आमची आई, म्हणाली, आणि मी ह्याच घरात राहतो, ह्याच मागावर बसतो आणि ह्याच चुलीवरचं जेवतो. त्यामुळं झालेलं नाही हे मलाही मान्य आहे. तर काहीच झालेलं नसताना जे झालं ते असं.

आम्ही शहापूरचे, लुगडी विणणारे. वडील सुबराव वारले तेव्हा तम्मण्णा मागावर बसायच्या वयाचा होता, पण बसला नाही. बेळगावात एका फोटोवाल्याकडं राहिला. फोटोवाला म्हातारा होऊन मुलाकडं निघून गेला तेव्हा जाताना कॅमेरा ह्याच्या गळ्यात घालून गेला. लाकडी पेटी, पितळी तोंडाचं भिंग, तिकाटणं आणि डोक्यावर घ्यायचं काळं फडकं. अण्णा लग्नाचे फोटो काढायचा, शाळांचे काढायचा, वारलेल्या माणसांना खुर्चीत बसवून त्यांचेही काढायचा. ह्या शेवटच्या गिऱ्हाइकांबद्दल त्याला फार आदर होता, कारण ती हलत नसत. त्याहून न हलणारं काहीतरी शोधत तो डोंगरांपर्यंत पोचला असावा, असं माझं मत आहे. माझं मत अजून कुणी विचारलेलं नाही.

डोंगरांचे फोटो आमच्या गल्लीत कुणाला पटले नाहीत. शेजारच्या मनुबाईनं एक फोटो हातात घेऊन उजेडाला धरला, मागची बाजू बघितली, परत पुढची बघितली.

"ह्यात माणूस कुठं हाय रं?"

"न्हाय, आत्ती. डोंगर हाय."

"उठून गेला व्हय माणूस? असू दे, परत बोलीव. गरिबाला काढून दे चांगला."

अण्णा हसला नाही. त्याला कुणी असं बोललं की तो आपले फोटो गोळा करून, एकावर एक रचून, फडक्यात बांधून ठेवायचा. मनाला लागलं की माणसं जेवण सोडतात, हा गाठ मारायचा. आमच्या घरात त्या वेळी गाठी बऱ्याच होत्या.

बेचाळीसचा पाऊस सरत आला होता. अण्णा जांबोटीला गेलेला. लढाईमुळं, फोटो ज्यांवर उठतो त्या काचा मिळेनाशा झाल्या होत्या, उरलेल्या काचा त्यानं लग्नांसाठी न ठेवता डोंगरासाठी नेल्या. तिकडं धुकं उतरलं की उठायचं नाव घेत नाही. अण्णा धुक्यासमोर तिकाटणं मांडून, डोक्यावर काळं फडकं घेऊन बसून राहिला. त्याच दिवसांत तिकडच्या जंगल बंगल्याला जाणाऱ्या तारा कुणीतरी कापल्या. कुणी कापल्या ते सगळ्या खानापूर तालुक्याला ठाऊक होतं, त्यामुळं कुणी सांगितलं नाही. पोलिसांना एवढंच कळलं की काळ्या फडक्यात तोंड लपवलेला एक इसम डोंगराकडं बघत दिवसच्या दिवस बसला होता.

अण्णाला पकडून बेळगावात आणला. कॅमेरा आणला, काचा आणल्या, काळं फडकं वेगळ्या गाठोड्यात बांधून आणलं. आव्वानं माझ्याकडं भाकरीचा डबा दिला आणि मी चौकीत जाऊन बाकड्यावर बसलो.

फौजदारसाहेब धारवाडकडचे. कानडी त्यांची घरची, इंग्रजी कचेरीची आणि मराठी आमच्यासाठी मुद्दाम काढलेली. त्या मराठीत बाई आणि बाप्या असा भेद नव्हता. माणूस वाईट नव्हते. समोरच्या टेबलावर अण्णाचा एक डोंगर ठेवून ते त्याच्याकडं बराच वेळ बघत होते, आणि त्या डोंगराकडं इतका वेळ बघणारा तो पहिलाच माणूस होता.

"ह्या फोटो तू काढला. मान्य?"

"व्हय साहेब."

"डोंगराचा."

"व्हय साहेब."

"मग सांग. प्रेरणा कुणाचा?"

इथं सगळा घोटाळा झाला. कानडी कचेरीत 'प्रेरणे' म्हणजे चिथावणी. गुन्हा एक करतो, मागून फूस दुसरा लावतो, आणि दोघं बरोबरीनं आत जातात. हे मला यल्लाप्पा हवालदारांनी मागाहून समजावून सांगितलं. ते आमच्याच बाजूचे, मराठी-कानडी दोन्ही सारखंच वाईट बोलणारे. पण त्या वेळी अण्णानं शब्द ऐकला तो मराठीत.

इतक्या वर्षांत त्याला हे कुणी विचारलं नव्हतं. ह्यात माणूस कुठं आहे, असं विचारलं होतं. डोंगर फोटोचे पैसे देतो काय, असं विचारलं होतं. तुला हे सुचलं कशावरून, हे एकानंही विचारलं नव्हतं. अण्णाचे डोळे भरून आले. साहेबांना वाटलं, आरोपी फुटला.

"सगळं सांगतो साहेब," अण्णा म्हणाला.

"सावकाश सांग," साहेब म्हणाले आणि टाक शाईत बुडवला.

"पयली आमची आव्वा. दुर्गाबाई. वडील गेल्यावर तीच मागावर बसायची. साहेब, मागावर लुगड्याची सुलटी बाजू खाली असती. इणणाऱ्याला दिसती ती उलटी. सुलटी कशी आली ते बघायला आव्वा मागाच्या खड्ड्यात आरसा ठेवायची. मी ल्हान असताना त्या आरशात बघत बसायचो. काठ, फुलं, पदर, सगळं उलटं, आणि त्यातनं सुलटं काय ते मनात लावायचं. पुढं क्यामेरा बघितला. त्येच्या मागच्या दुधी काचंवर डोंगर दिसतो तो बी उलटाच. आभाळ खाली, डोंगर वर लोंबकळतोय. बाकीचे घाबरत्यात. मला वाटलं, आव्वाच्या खड्ड्यात उतरलोय."

साहेबांनी लिहिलं. लिहिताना मोठ्यानं म्हणायची त्यांना सवय होती. "दुर्गाबाई. आई. खड्डा. आरसा." मग त्यांनी हवालदारांकडं बघितलं. "आरशानं खुणा करतात, यल्लाप्पा. उन्हात. मैलभर दिसतं."

मी बाकड्यावर खोकलो. अण्णाला वाटलं मला पाणी पाहिजे. त्यानं हवालदारांना मला पाणी द्यायला सांगितलं आणि पुढं चालू केलं.

"दुसरे मष्णूआप्पा. आमच्या गल्लीच्या टोकाला ऱ्हात्यात. नाटकाचे पडदे रंगवत्यात. त्येंच्या परत्येक पडद्यावर एकच डोंगर. डाव्या अंगाला खाच, खाचंत एक झाड. राजवाडा असला तरी मागं तोच डोंगर, जंगल असलं तरी तोच, एकदा लंका रंगवली तवा लंकेच्या बी मागं तोच. मी म्हटलं, आप्पा, दुसरा डोंगर काढा की. म्हणाले, दुसरा मला येत न्हाय, आणि हा अजून नीट आलेला न्हाय. त्येंनीच मला शिकवलं. म्हणाले, तम्मण्णा, मधली जागा मोकळी सोड. तिथं माणूस येणार हाय."

टाक थांबला. "कोण येणार?"

"ते आपल्याला ठाऊक नसतंय साहेब. आपण जागा सोडायची."

"कधी येणार?"

"ते बी ठाऊक नसतंय."

"हौदा?" साहेब हळूच कानडीत म्हणाले, म्हणजे 'असं होय?' कुणी फार हुशार भेटला की माणूस जसा आवाज खाली घेतो तसा त्यांनी घेतला. टेबलावरच्या फोटोत मधली जागा मोकळी होती. त्यांनी तिथं बोट ठेवून बघितलं.

"आणि तिसरा रवळू. जांबोटीचा, म्हशी राखतो. मी आधी धुकं बघितलं की पेटी आवरून परत फिरायचो. रवळू म्हणाला, कशापायी पळतोस? बस. धुकं उठंस्तवर बस. उठताना डोंगर आधी दावत न्हाय, आधी झाड दावतंय. त्यानं सांगितलं म्हणून मी बसायला शिकलो."

"वाट बघायला त्यानं सांगितलं."

"व्हय."

"धुक्याचा."

"व्हय साहेब."

साहेबांनी तेही लिहिलं. अण्णा मनापासून बोलत होता आणि साहेब मनापासून लिहीत होते. दोघांच्या आयुष्यातला तो चांगला दिवस होता. सगळं वाचून दाखवल्यावर अण्णानं एक दुरुस्ती सुचवली, 'खाच डाव्या अंगाला' असं स्पष्ट यावं म्हणाला. मग सही केली. एवढा सरळ आरोपी साहेबांनी पाहिला नव्हता, त्यांनी त्याला तात्पुरता घरी सोडला. कॅमेरा आणि काचा ठेवून घेतल्या.

घरी येताना अण्णा रस्त्यानं जवळजवळ नाचत होता. "शामू, जाणकार माणूस हाय रं. मधल्या जागेवर बोट ठेवलं बघ त्येनं. बरोब्बर तिथंच ठेवलं!"

आव्वाला त्यानं सगळं सांगितलं. आरशाचं ऐकून ती लाजली. "माझं नाव कशाला सांगितलंस? मला काय कळतंय त्यातलं," असं म्हणाली, आणि त्या दिवशी तिनं न सांगता आमच्यासाठी शेवया केल्या.

दुसऱ्या दिवशी मष्णूआप्पांना धरून नेलं. त्यांच्या मागोमाग जांबोटीहून रवळूला आणलं.

मष्णूआप्पा म्हणजे वाळलेली शेंग. पाठीत वाकलेले, नखांत निळा रंग बसलेला, तो कितीही धुतला तरी जात नसे. दम्यानं हैराण. त्यांचं म्हणावं असं घरात कुणी नव्हतं, गुंडाळलेले पडदे होते. त्यांना नेताना एक पडदाही पुरावा म्हणून नेला. पडदा खांद्यावर घेऊन चाललेल्या दोन शिपायांना आप्पा मागून ओरडत होते, "मोडू नका रं, दुमडू नका, डोंगराला सुरकुती पडंल!"

तेव्हा अण्णाला कळलं, आपल्याला काय विचारलं होतं.

तो भिंतीला टेकून खाली बसला. "मी त्येंची नावं दिली, शामू," एवढंच म्हणाला. आप्पांना दमा. कोठडीची फरशी ओली. आप्पांनी तिथं आठ-पंधरा दिवस काढले तर ते परत येणार नाहीत, हे आमच्या गल्लीत मांजरालाही कळत होतं. अण्णाला तेवढं एकच दिसत होतं आता: आप्पांना बाहेर काढायचं.

पण चौकीत तपास रंगात आला होता. साहेबांनी अण्णाचा फोटो आणि आप्पांचा पडदा शेजारी शेजारी धरला, आणि दोन्हींवर एकच डोंगर निघाला. तीच खाच, तेच झाड. एक डोंगर दोन ठिकाणी सापडला म्हणजे नकाशा, असं साहेबांचं म्हणणं पडलं.

"हा डोंगर कुठलं?" त्यांनी आप्पांना विचारलं.

"कुठलाच न्हाय साहेब. माझ्या मनातला."

"मनाचं गाव कुठलं?"

जन्मात आप्पा शहापूर-बेळगाव सोडून कुठं गेले नव्हते. फोटोतला डोंगर मात्र खरा होता, आणि अण्णानं तो सहज काढलेला नव्हता. पडदा पाहिल्यापासून तो खानापूर-जांबोटीच्या बाजूला हाच डोंगर शोधत फिरत होता. हे त्यानं जबाबात सांगितलं नव्हतं, कारण हे त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. आपण नवीन डोंगर शोधतोय अशीच त्याची समजूत होती. शोधत मात्र तो जुनाच होता.

साहेबांनी पडदा बैलगाडीत घातला आणि यल्लाप्पा हवालदारांना हुकूम दिला की तालुक्यातल्या प्रत्येक डोंगरासमोर पडदा उलगडून जुळवून बघावा. हवालदारांनी पुढं ह्या स्वारीबद्दल बोलायचं टाळलं, पण गाडीवान टाळत नाही. गाडीत पडदा बघून गावोगाव लोकांना वाटलं नाटक आलं. पोरं गाडीमागं पळायची. एका गावात पडदा उलगडला तर माणसं समोर येऊन बसली ती हलेनात. बायका पोरं घेऊन आल्या. हवालदारांनी सांगितलं हे सरकारी काम आहे, तर एक म्हातारा म्हणाला, "चालंल की, सरकारी असू दे, पर गाणी हैत न्हवं?" शेवटी हवालदारांनी गणवेशात उभं राहून एक पद म्हटलं, तेव्हा त्यांना वाट मिळाली. पद बरं झालं असं गाडीवान सांगतो.

जांबोटीच्या अलीकडं डोंगर जुळला. खाच जुळली, झाड जुळलं. आणि जिथं पडद्यावर मधली मोकळी जागा होती तिथं, माणूस यायच्या ठिकाणी, तारेचा खांब उभा होता; अण्णानं पेटी त्याच्या पुढं मांडली होती म्हणून तो फोटोत आला नव्हता. तारा तिथंच कापलेल्या होत्या.

ही बातमी साहेबांनी कोठडीत जाऊन स्वतः सांगितली. मी तेव्हा आप्पांचा डबा घेऊन गेलो होतो. आता तोंड पांढरं होईल, असं साहेबांना वाटलं असणार. आप्पा गज धरून उभे राहिले.

"हाय?" ते म्हणाले. "खरंच हाय?"

"आहे."

"खाच डाव्या अंगालाच?"

"डाव्या."

"झाड कशाचं हाय ओ साहेब? मला ते कधी कळलंच न्हाय. नुसता हिरवा फासायचो."

साहेबांनी यल्लाप्पांना विचारलं. यल्लाप्पा म्हणाले जांभळाचं. "जांभळाचं," आप्पा स्वतःशीच म्हणाले, आणि खोकत खोकत खाली बसले. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. मी गजातून किती वेळा हाक मारली.

शेजारच्या कोठडीत रवळू. त्याचा जबाब लवकर आटोपला होता.

"तू तम्मण्णाला काय सांगितला?"

"बस म्हटलं."

"कुणासाठी?"

"धुक्यासाठी."

"धुकं कोण?"

रवळूनं पुष्कळ विचार केला. "दरसाल येतंय," तो म्हणाला. साहेबांनी लिहिलं, 'धुकं, पूर्ण नाव ठाऊक नाही, दरसाल येतो.' रवळूचं ह्यापुढं एकच म्हणणं होतं, म्हशी कुणाकडं आहेत. ते कुणी लिहून घेतलं नाही. तो रात्रंदिवस तेच विचारायचा, शिपाई कंटाळून पलीकडच्या दाराशी जाऊन बसायचे.

मग आमच्या दारात समन्स आलं. दुर्गाबाई कोम सुबराव, म्हणजे सुबरावांची बायको, हिनं हजर व्हावं.

आव्वानं पेटीतलं आपल्या हातचं चांगलं लुगडं काढलं. नेसली. केस विंचरले. मागाच्या खड्ड्यात वाकून आरसा काढला, पदरानं पुसला.

"आव्वा, आरसा कशाला?" मी म्हटलं.

"साहेबाला दावते की. कसा धरायचा ते. नुसतं सांगून समजत न्हाय ते."

तिला भीती नव्हती असं नाही. पण मुलानं मोठ्या साहेबासमोर आपलं नाव सांगितलं, आता आपण माघार घेतली तर पोरगा खोटा पडेल, असा तिचा हिशेब होता. अण्णा तिच्याकडं बघत उभा राहिला. मग तसाच अनवाणी चौकीकडं पळत सुटला. मी मागोमाग.

"साहेब, माझा जबाब चुकलाय," तो दारातच म्हणाला. "मला कुणाची प्रेरणा न्हाय."

साहेबांनी मान वर केली. "कुणाचाच नाही?"

"कुणाचीच न्हाय."

"आई?"

"तिला काय कळतंय त्यातलं." आव्वाचंच वाक्य होतं ते. ती बोलली होती तेव्हा त्यात लाज होती.

"पडदेवाला?"

"त्येला डोंगर काढता येत न्हाय साहेब. जल्मात एकच काढला, त्यो बी नीट आला न्हाय."

"म्हैसवाला?"

"म्हशीमागनं हिंडणारं माणूस. ते मला काय शिकवणार? माझं मीच शिकलो. सगळं माझंच हाय."

साहेब खुर्चीत मागं टेकले. त्यांना वाईट वाटलेलं दिसलं. "एवढा गर्व बरा नव्हे रे," ते म्हणाले. मग कायद्याचं बोलले. प्रेरणा नसेल तर कट नाही. कट नसेल तर नुसताच फोटो. आणि कुणाच्या सांगण्यावाचून, कुणाच्या फायद्यावाचून, धुक्यात बसून डोंगराचा फोटो काढणं हा मूर्खपणा. मूर्खपणाला कलम नाही. अण्णानं सही केली. 'कोणाचीही नाही' ह्या शब्दांखाली साहेबांनी रेघ ओढली.

आम्ही बाहेर वळलो तर पायरीवर आव्वा उभी होती. चांगलं लुगडं, हातात आरसा. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. तिनं आरसा पदराखाली घेतला आणि आमच्या पुढं चालू लागली. घरी जाऊन लुगडं बदललं, घडी घालून पेटीत ठेवलं. आणि मग ते वाक्य बोलली, ह्या घरात नाव काढायचं न्हाय, ते.

रवळूला त्याच संध्याकाळी सोडला. तो कुणाला न भेटता खानापूरच्या वाटेला लागला. म्हशी होत्या का, हे आम्हाला अजून कळलेलं नाही.

मष्णूआप्पांना दुसऱ्या दिवशी सकाळी सोडायचं होतं. अण्णानं गाडी सांगून ठेवली होती, आप्पांना चालवणार नाही म्हणून. आम्ही चौकीच्या दारात उभे होतो. यल्लाप्पांनी कुलूप काढलं आणि सहज म्हणाले, "चला आप्पा, सुटलासा. तम्मण्णानं लिवून दिलंय, तुमच्याकडनं त्यो काय शिकला न्हाय म्हणून."

आप्पा कोठडीच्या उंबऱ्यावर थांबले.

"काय शिकला न्हाय?"

"कायबी न्हाय."

"मधली जागा मोकळी सोडायची कुणी शिकवली त्येला? त्येच्या बानं?"

"आप्पा, चला की आता."

"न्हाय चालत!" एवढ्याशा छातीतून एवढा आवाज निघेल असं वाटलं नव्हतं. "साहेबांना बोलवा. कोण म्हणतंय प्रेरणा न्हाय म्हणून? प्रेरणा माझी हाय! डोंगर माझा, खाच माझी, जागा मी सोडली. ल्ह्या!"

साहेब आले. त्यांनी समजावून सांगितलं, ह्या शब्दाचा कायद्यात अर्थ काय, शिक्षा काय, लढाई संपेपर्यंत आत राहावं लागेल. आप्पांना ते सगळं कळलं. सगळं कळून त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. साहेब म्हणाले, प्रेरणा आहे पण प्रेरणा घेणारा नाही म्हणतो. यल्लाप्पांनी पुस्तक काढून बघितलं. घेणारा नसला तरी देणाऱ्याला शिक्षा होते, असं त्यात निघालं.

अण्णा धावत आत गेला. "आप्पा, खोटं बोललो मी. तुम्हाला सोडवायला खोटं बोललो. साहेब, माझा जबाब..."

आप्पांनी उंबऱ्यावरूनच हात पुढं करून त्याच्या तोंडावर ठेवला. निळ्या नखांचा. "गप," हळूच म्हणाले. "मला ठाऊक हाय रं. तू परत लिवलंस तर दुर्गाबाई आत येती. गप बस."

"मग तुम्ही कशाला..."

"आरं, इतके पडदे रंगवले. कुठल्या पडद्यावर माझं नाव हाय? कंपनीचं असतंय, मालकाचं असतंय. आता एक कागद झालाय, त्येच्यावर डोंगर बी हाय आणि माझं नाव बी. तो बी तू खोडतोस व्हय?" मग त्यांना खोकला आला, तो थांबल्यावर म्हणाले, "तुझा फोटो दावतील का रं मला? खरा डोंगर बघितला न्हाय मी."

साहेबांनी नाही म्हटलं. पुरावा आरोपीला दाखवता येत नाही. तेही बघत नव्हते आप्पांकडं, टेबलाकडं बघत होते.

आप्पांना बेळगावबाहेर नेलं. कुठं ते विचारलं तर सांगत नाहीत. कॅमेरा परत मिळाला, काचा मिळाल्या नाहीत. अण्णा आता माझ्या शेजारच्या मागावर बसतो. त्याचा हात चांगला आहे, काठ सरळ येतो, फक्त मध्येच थांबतो. एका लुगड्यात त्यानं मधली वीतभर जागा कोरी सोडली. व्यापाऱ्यानं ते परत पाठवलं. आव्वानं ते ठेवून घेतलं. खड्ड्यात आरसा पुन्हा बसवलेला नाही. आई आणि मुलगा बोलतात, मीठ कमी आहे का, पाऊस येईल का, असं.

मी धाकटा. झालेलं नाही असं ठरलेल्या गोष्टीबद्दल मला काही करता येत नाही, पण अर्ज करता येतो. तो मी केला आहे आणि चौकीत यल्लाप्पा हवालदारांच्या हातात दिला आहे. त्यांनी तो वाचला, घडी घातली आणि कुठल्या तरी गठ्ठ्याखाली ठेवला. त्याचा मजकूर असा:

मेहेरबान फौजदारसाहेब यांचे सेवेशी. अर्जदार शामू सुबराव, राहणार शहापूर, धंदा विणकाम, अर्ज करतो की माझा भाऊ तम्मण्णा याचे दुसऱ्या जबाबातील 'कोणाचीही नाही' हे शब्द खोडून त्या जागी दुर्गाबाई, मष्णू व रवळू अशी तीन नावे आणि धुके, पूर्ण नाव ठाऊक नसले तरी, दाखल करावे. दाखल केल्यावर त्यांपैकी कोणावरही कसलीही कारवाई करू नये. दुरुस्त जबाबाची एक प्रत आमचे आईस, ती विचारणार नाही तरी, वाचून दाखवावी. आणि सरकारजमा असलेली डोंगराची काच कैदी मष्णू यास एकदा उजेडासमोर धरून पाहू द्यावी. धरताना ती उलटी धरली गेल्यास अर्जदाराची हरकत नाही.